आगगाड्यांतील भोजनव्यवस्था

लांब पल्ल्याच्या उतारू गाड्यांतून व त्यांच्या मार्गावरील स्थानकांतून प्रवाशांना अन्न, पाणी व पेये पुरविण्याची व्यवस्था. स्थानकांवरील उपाहारगृहे व फेरीवाले, गाडीला जोडलेले भोजनडबे, जींत फक्त स्वयंपाक होतो अशी पँट्री कार आणि गाडीबाहेरच्या मध्यवर्ती स्वयंपाकगृहांत शिजवून गाडीत चढविलेले अन्न या सर्वांचा तीत समावेश होतो. भोजनडब्यात प्रवासी स्वतः जाऊन मेजावर जेवतो; बुफे कारमध्ये तो मांडणीवरून पदार्थ घेतो व उभ्याने किंवा आपल्या जागी परत येऊन खातो; पँट्री कारमधून मात्र अन्न त्याच्या आसनापर्यंत आणले जाते. या प्रकारांपैकी कोणता कोठे रूढ झाला हे डब्यांची रचना, गाडीचे थांबे, प्रवासी वर्गांतील भेद आणि कोणी कोणाच्या हातचे खावे याविषयीचे सामाजिक निर्बंध यांवर ठरत गेले. भारतात यांपैकी शेवटच्या कारणाला इतर देशांपेक्षा अधिक महत्त्व होते.

पाश्चात्त्य देशांतील सुरुवात : रेल्वेच्या पहिल्या दशकांत धावत्या गाडीत अन्न शिजविण्याची सोय नव्हती आणि एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाण्यास वाटही नव्हती. एंजिनाला पाणी घेण्यासाठी किंवा एंजिन बदलण्यासाठी गाडी जेथे थांबे, तेथे प्रवाशांनी उतरून मिळेल ते खावे, असा प्रघात पडला. इंग्लंडमधील ग्रेट वेस्टर्न रेल्वेने स्विंडन येथील स्थानक कंत्राटदारांकडून त्यांच्याच खर्चाने बांधून घेतले व मोबदल्यात तेथील उपाहारगृह त्यांना ९९ वर्षांच्या पट्ट्याने नाममात्र भाड्यावर दिले. प्रत्येक उतारू गाडी स्विंडनला दहा मिनिटे थांबविण्याचे बंधनही कंपनीने स्वतःवर घालून घेतले. गिऱ्हाइक बांधलेले आणि वेळ अपुरा, अशा स्थितीत अन्नाचा दर्जा घसरला यात नवल नाही. कंपनीचा मुख्य अभियंता इझंबार्ड किंग्डम ब्रुनेल याने १८४५ मध्ये तेथील कॉफीविषयी उपाहारगृहाच्या चालकास लिहिलेले उपरोधिक पत्र प्रसिद्ध आहे. या करारातून सुटण्यासाठी कंपनीला अखेर १८९५ मध्ये एक लाख पौंड मोजावे लागले. मक्तेदाराशी केलेला एक करार रेल्वेला अर्धशतकाहून अधिक काळ कसा बांधून ठेवू शकतो, याचे हे पहिले ठळक उदाहरण होय. पुढे भारतातही या प्रश्नाने वारंवार डोके वर काढले.

गाडीतच जेवण देण्याचा यशस्वी प्रयोग अमेरिकेत झाला. जॉर्ज पुलमन याने १८६८ मध्ये ‘डेल्मोनिको’ नावाचा केवळ भोजनासाठी बांधलेला डबा शिकागो अँड ऑल्टन रेल्वेवर सुरू केला. इंग्लंडमध्ये १८७९ साली लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकापासून लीड्सपर्यंत पुलमन कंपनीचा भोजनडबा धावू लागला. यूरोप खंडात जॉर्ज नागेलमाकर्स याच्या वागाँ-ली कंपनीने १८८३ मध्ये सुरू केलेल्या ओरिएंट एक्सप्रेसने या प्रकाराला ऐषारामाची प्रतिष्ठा मिळवून दिली. तथापि भोजनडब्याचा उपयोग सर्व प्रवाशांना होण्यासाठी डबे आतून एकमेकांस जोडलेले असणे आवश्यक होते. पुलमन याने १८८७ मध्ये अशा बंदिस्त जोडमार्गाचे एकस्व घेतले. त्यानंतरच भोजनडबा सबंध गाडीचा झाला. याच्या उलट, सांता फे रेल्वेवर फ्रेड हार्वी याने १८७६ पासून स्थानकांवरच उत्तम उपाहारगृहांची मालिका उभी केली आणि उत्तम अन्नासाठी ते गाडीतच शिजले पाहिजे असे नाही, हे दाखवून दिले. जपानमध्ये स्थानकावर विकल्या जाणाऱ्या डबाबंद जेवणाची, ‘एकिबेन’ची, परंपरा निर्माण झाली. १८८५ मध्ये उत्सुनोमिया स्थानकावर बांबूच्या पापुद्र्यात गुंडाळून विकलेल्या भाताच्या मुटक्यांपासून तिचा आरंभ झाला असे सामान्यतः मानले जाते.

भोजनडब्यातील पंगतीचा प्रश्न भारतापुरता मर्यादित नव्हता. अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांतून जाणाऱ्या गाड्यांत कृष्णवर्णीयांसाठी स्वयंपाकघराजवळची दोन मेजे पडदा लावून वेगळी ठेवीत. १९४२ मध्ये एल्मर हेंडरसन या कृष्णवर्णीय सरकारी अधिकाऱ्यास सदर्न रेल्वेच्या भोजनडब्यात जेवण नाकारले गेले, कारण त्या मेजांवरही गोरे प्रवासी बसविण्यात आले होते. त्याने चालविलेल्या दाव्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये ही विभागणी आंतरराज्य वाणिज्य कायद्याचा भंग करणारी ठरविली. गोऱ्यांच्या जेवणाची बडदास्त ठेवणारे वाढपी बहुतांशी कृष्णवर्णीयच होते, ही यातील विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे.

भारतातील आरंभ : १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किमी.ची पहिली उतारू फेरी झाली, तेव्हा प्रवासात जेवणाचा प्रश्न उद्‌भवण्याचे कारण नव्हते. १८६३ मध्ये बोरघाट व १८६५ मध्ये थळघाट रेल्वेने ओलांडला आणि १८७० मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला व ईस्ट इंडियन या दोन रेल्वेंचे मार्ग जबलपूर येथे जुळून मुंबई-कलकत्ता प्रवास सलग करता येऊ लागला. हा प्रवास काही दिवसांचा असल्याने वाटेत जेवणाची सोय करणे कंपन्यांना भाग पडले. यूरोपीय पद्धतीच्या जेवणाची कामे त्यांनी खाजगी कंपन्यांना मक्त्याने दिली. ईस्ट इंडियन रेल्वेवर केल्नर, ग्रेट इंडियन पेनिन्शुलावर ब्रँडन आणि दक्षिणेत स्पेन्सर या कंपन्यांची नावे इंग्रज प्रवाशांच्या तोंडी झाली होती. बंगाल-नागपूर रेल्वेने मात्र मक्तेदारावर विसंबून न राहता स्वतःचे भोजन खाते चालविले व त्याच्या जोडीला पुरी व रांची येथे हॉटेलेही ठेवली. या खात्याचा लौकिक चांगला होता. ‘रेल्वे मटण करी’ या नावाने आजही ओळखला जाणारा सौम्य मसाल्याचा रस्सा याच काळातील पहिल्या वर्गाच्या मेजावरून आला, असे सांगितले जाते.

जेवणाच्या वेळेची व्यवस्था तारायंत्रावर चाले. गार्ड पहिल्या व दुसऱ्या वर्गाच्या डब्यांतून फिरून किती जणांना जेवण हवे ते विचारी व पुढील मोठ्या स्थानकास तार करी. गाडी तेथे वीस-तीस मिनिटे थांबे, ताटे मांडून तयार असत आणि प्रवासी उपाहारगृहात बसून जेवीत. शेवटचा पदार्थ येण्यापूर्वीच घंटा वाजल्याच्या तक्रारी त्या काळच्या प्रवासवर्णनांत आढळतात.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात टपाल गाड्यांना भोजनडबे जोडले जाऊ लागले. मुंबईहून पेशावरपर्यंत जाणारी, १ सप्टेंबर १९२८ रोजी बाँबे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने सुरू केलेली फ्रंटिअर मेल तिच्या भोजनडब्यासाठी प्रसिद्ध होती. परंतु भारतीय डबे आतून जोडलेले नसत. प्रत्येक खण बाहेरच्या दाराने फलाटावर उघडणारा आणि शेजारच्या डब्यापासून तुटलेला असे. त्यामुळे जेवू इच्छिणारा प्रवासी एका स्थानकावर आपल्या डब्यातून उतरून भोजनडब्यात चढे, दोन स्थानकांमधील तास-दीड तासाच्या धावेत जेवण उरके आणि पुढील थांब्यावर पुन्हा आपल्या डब्यात परते. मधल्या काळात सामान खणात एकटे राही. म्हणून नोकर बरोबर असलेल्या साहेबासच भोजनडबा खऱ्या अर्थाने सोयीचा होता. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला तो पाहण्यापुरताच होता.

शिदोरी, पाणी व स्पर्शास्पर्श : भारतीय प्रवाशांपैकी फार मोठा भाग तिसऱ्या वर्गाने जाई आणि कंपन्यांचे उत्पन्नही मुख्यत्वे त्याच्याच तिकिटातून येई. या प्रवाशाच्या जेवणाची जबाबदारी कंपन्यांनी दीर्घकाळ घेतलीच नाही. त्यांचे म्हणणे असे, की जातिनिर्बंधांमुळे हिंदू प्रवासी परक्या हातचे शिजलेले खात नाही, तेव्हा त्याच्यासाठी व्यवस्था करूनही उपयोग नाही. यात तथ्य नव्हते असे नाही; पण ही सबब खर्च वाचविण्यास सोयीचीही होती.

प्रवाशांनी यातून आपापले मार्ग काढले. महाराष्ट्रात पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवून केलेली दशमी प्रवासाचे अन्न म्हणून पूर्वापार चालत आली होती. ती टिकते व सोवळ्याच्या नियमांतही बसते, म्हणून आगगाडीच्या प्रवासातही ती राहिली. तिच्या जोडीला गूळपोळी, तिखटमिठाच्या पुऱ्या, चटणी, लाडू असे कोरडे पदार्थ असत. उत्तर भारतात तुपात तळलेले ‘पक्के’ अन्न विटाळत नाही, तर पाण्यात शिजविलेले ‘कच्चे’ अन्न विटाळते, असा भेद रूढ होता. स्थानकांवरील फेरीवाल्यांनी पुरी-भाजी, कचोरी व मिठाई हेच पदार्थ उचलले याचे एक कारण या भेदात आहे. पुरी-भाजी हे भारतीय फलाटाचे खाद्य झाले ते चवीमुळे जितके, तितकेच कोणाही जातीच्या प्रवाशास ते घेता येई म्हणून. तळलेल्या पदार्थांचा टिकाऊपणाही अर्थात विक्रेत्याच्या पथ्यावर पडला.

पाण्याविषयीचे निर्बंध अधिक कडक होते. स्थानकांवर ‘हिंदू पाणी’ व ‘मुसलमान पाणी’ अशी वेगवेगळी भांडी व वेगवेगळे पाणके असत. हिंदूंसाठी बहुधा ब्राह्मण पाणक्या नेमला जाई. उपाहारगृहेही हिंदू, मुसलमान व यूरोपीय अशी तीन प्रकारची असत. रेल्वेचा डबा सर्व जातींना एका बाकावर बसवितो, म्हणून ती जातिभेद मोडील, अशी अपेक्षा एकोणिसाव्या शतकातील अनेक सुधारकांनी व इंग्रज लेखकांनी बोलून दाखविली होती. फलाटावरील नळापाशी ती फोल ठरली. रेल्वे प्रशासनाने प्रचलित भेद जसाच्या तसा स्वीकारला, इतकेच नव्हे तर फलक लावून त्यास एक प्रकारची सरकारी मान्यता दिली.

या विभागणीत अस्पृश्य मानल्या गेलेल्या प्रवाशाला जागाच नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या आठवणींच्या वेटिंग फॉर अ व्हिसा या टिपणात १९०१ मधील एका प्रवासाची हकीकत दिली आहे. वडिलांना भेटण्यासाठी साताऱ्याहून आगगाडीने निघालेली ही मुले मसूर स्थानकावर उतरली. आपण महार असल्याचे सांगताच स्थानकप्रमुखाचा सूर बदलला. पुढील वाट बैलगाडीची होती. मुलांजवळ शिदोरी भरपूर होती. परंतु वाटेत कोणी पाणी देईना आणि पाण्यावाचून ती खाता येईना, म्हणून रात्र उपाशीच काढावी लागली. प्रवासातील जेवणाचा प्रश्न हा मुळात पाण्याचा प्रश्न होता, हे या प्रसंगावरून जितके स्पष्ट होते तितके रेल्वेच्या कोणत्याही अहवालावरून होत नाही.

चहाचा प्रसार यापेक्षा वेगळ्या रीतीने झाला. चहा हा नवा पदार्थ असल्याने त्याविषयी जुने शास्त्रवचन नव्हते; तरीही १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे प्रभृतींवर ग्रामण्य झाले, हे सर्वश्रुत आहे. १९०३ च्या कायद्याने चहाच्या निर्यातीवर उपकर बसवून त्यातून चहाच्या प्रचारासाठी निधी उभारण्यात आला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास व त्यानंतर या निधीच्या साहाय्याने रेल्वे स्थानकांवर चहाची दुकाने निघाली. चहा कसा करावा हे सांगणाऱ्या पाट्या फलाटांवर लागल्या. पाणी उकळलेले असते, मातीचे भांडे एकदा वापरून फोडून टाकता येते आणि गाडी दोन मिनिटे थांबली तरी विक्री होते. या तीन गोष्टींमुळे फलाटावरील चहाने जातीचे कुंपण बाकीच्या अन्नाच्या कितीतरी आधी ओलांडले.

तिसऱ्या वर्गाच्या हालांकडे देशाचे लक्ष वेधले ते महात्मा गांधींच्या १९१७ मधील लिखाणाने. दक्षिण आफ्रिकेतून परतल्यावर त्यांनी मुद्दाम तिसऱ्या वर्गाने प्रवास केला होता. मुंबई-मद्रास प्रवासाच्या वर्णनात त्यांनी गर्दी व अस्वच्छतेबरोबरच वाटेत मिळणारा चहा, त्यातील साखर व दूध आणि माशा बसलेली मिठाई यांचाही कठोर शब्दांत समाचार घेतला आहे. प्रवाशांच्या स्वतःच्या सवयींनाही त्यांनी दोष दिला, हे नमूद केले पाहिजे.

डेक्कन क्वीन : ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने १ जून १९३० रोजी मुंबई-पुणे मार्गावर ही गाडी सुरू केली. घाटातील मार्गाचे विद्युतीकरण नुकतेच पूर्ण झाले होते. सात डब्यांच्या दोन गाड्या होत्या. डब्यांच्या सांगाड्यांचे काम इंग्लंडमध्ये व वरचे काम माटुंगा येथील कर्मशाळेत झाले होते. पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींना जाणाऱ्या धनिकांची गाडी म्हणून ती ओळखली जाई व तीत केवळ पहिला व दुसरा हे वर्ग होते. साहजिकच भोजनडबाही त्यांच्यासाठीच होता. १९५५ मध्ये तिला तिसऱ्या वर्गाचे डबे जोडण्यात आले. १९६६ मध्ये पेरांबूर येथील कारखान्यात बांधलेले पोलादी डबे आले आणि गाडी बारा डब्यांची झाली.

मुंबई-पुणे हे अंतर १९२ किमी., म्हणजे जेमतेम तीन-सव्वातीन तासांचे. जेवणासाठी डबा जोडण्याची येथे खरी गरज नव्हती. तरीही हजारो किमी. धावणाऱ्या गाड्यांचे भोजनडबे एकामागून एक काढून घेतले गेले, तेव्हा या लहानशा गाडीचा मात्र टिकून राहिला. भारतात नियमित उतारू गाडीला जोडलेला एकमेव भोजनडबा म्हणून आज त्याचा उल्लेख होतो. याचे कारण तिच्या प्रवाशांत शोधावे लागते. सकाळी पुण्याहून मुंबईस कामावर जाणारे व संध्याकाळी परतणारे मासिक पासधारक हा या गाडीचा कणा होता. रोज त्याच वेळी, त्याच सोबत्यांबरोबर चहा, ऑम्लेट, कटलेट किंवा चीज टोस्ट घेणारा हा वर्ग डब्याला बांधलेला होता आणि डबा काढण्याच्या कल्पनेला विरोध करण्याइतका संघटितही होता. १९३० मध्ये ज्या वर्गाला या डब्यात शिरता येत नव्हते, त्याच मध्यमवर्गाने पुढे तो टिकवून धरला. जुन्या डब्यात एका वेळी ३२ प्रवासी मेजांवर बसू शकत. २०२२ मध्ये गाडीला एलएचबी बनावटीचे नवे डबे मिळाले, तेव्हा भोजनडबाही नव्याने बांधण्यात आला व त्यातील आसने ४० करण्यात आली.

स्वातंत्र्योत्तर काळ : स्वातंत्र्यानंतर पाण्याची व उपाहारगृहांची धर्मवार विभागणी बंद झाली. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक उपाहारगृहांत धर्म, जात इत्यादींवरून मज्जाव करण्यास मनाई केली आणि १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. स्थानकांवर ‘हिंदू’ व ‘मुसलमान’ या पाट्यांच्या जागी ‘शाकाहारी’ व ‘मांसाहारी’ या पाट्या आल्या. जुना भेद नव्या नावाने काही अंशी राहिला, असा आक्षेप यावर घेता येईल. परंतु ताट कोणते घ्यावे हे आता प्रवाशाच्या जन्मावर नव्हे, तर त्याच्या निवडीवर ठरू लागले, हा फरक लहान नाही.

मक्तेदारांविषयीच्या तक्रारी वाढल्याने रेल्वे उपमंत्री ओ. व्ही. अळगेशन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५४ मध्ये या प्रश्नाचा विचार केला व रेल्वेने भोजनव्यवस्था टप्प्याटप्प्याने स्वतःकडे घ्यावी अशी शिफारस केली. त्यानुसार १९५५ पासून खातेनिहाय भोजनव्यवस्था सुरू झाली. ‘ना नफा ना तोटा’ हे तिचे घोषित तत्त्व होते. प्रत्यक्षात नोकरवर्गाचा खर्च वाढत गेला, दर राजकीय कारणांनी कमी ठेवावे लागले आणि तोटा कायमचा झाला. तथापि एक गोष्ट या काळात साधली. पुरी व बटाट्याची भाजी असे स्वस्त ‘जनता खाना’ सर्वसामान्य प्रवाशाला ठरलेल्या किमतीत मिळू लागले आणि त्याच्या जेवणाची काही जबाबदारी रेल्वेवर आहे हे प्रथमच मान्य झाले.

याच सुमारास आतून जोडलेल्या डब्यांच्या गाड्या वाढल्या आणि भोजनव्यवस्थेचे स्वरूप पालटले. आता प्रवाशाला भोजनडब्यात आणण्याऐवजी वाढपी ताट घेऊन प्रवाशाकडे जाऊ शकत होता. भोजनडब्यातील मेजांची जागा अशा वेळी वाया जाते असे प्रशासनाला वाटले. तेवढ्या लांबीत आणखी प्रवासी बसविता येतात किंवा मोठे स्वयंपाकघर करता येते. म्हणून भोजनडबे मागे पडून पँट्री कार आली. १ मार्च १९६९ रोजी नवी दिल्ली-हावडा मार्गावर सुरू झालेल्या राजधानी एक्सप्रेसमध्ये जेवणाची किंमत तिकिटातच धरली गेली. मुंबईला अशी गाडी १९७२ मध्ये मिळाली. १९८८ पासून शताब्दी गाड्यांनीही हीच पद्धत उचलली. १९७४ मध्ये तिसरा वर्ग नावापुरता संपला. मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा मार्गावर सुरू झालेली गीतांजली एक्सप्रेस ही एकाच वर्गाची लांब पल्ल्याची गाडी होती. वर्गावरून सोयी ठरविण्याच्या जुन्या पद्धतीला दिलेला तो जाणीवपूर्वक छेद होता.

पँट्री कारमधील काम कष्टाचे असते. हलत्या डब्यात, अरुंद वाटेत, उन्हाळ्यात अतिशय उष्ण हवेत शेकडो जणांचा स्वयंपाक करावा लागतो. पाण्याचा साठा मर्यादित असतो आणि तो वाटेतील ठरावीक स्थानकांवरच भरून घेता येतो. पूर्वी कोळशाच्या व नंतर गॅसच्या शेगड्या असत. धावत्या गाडीतील ज्वालेचा धोका लक्षात घेऊन एलएचबी गाड्यांतील नव्या पँट्री कारमध्ये विजेवर अन्न गरम करण्याची साधने बसविण्यात आली. वाढप्यांपैकी अनेकांना मक्तेदाराकडून ठोक वेतनाऐवजी विक्रीवर मोबदला मिळतो. प्रवाशाकडून जास्त पैसे घेतले जातात त्याचे मूळ अनेकदा येथे असते.

थांबे व स्थानिक पदार्थ : गाड्यांत जेवण मिळू लागले तरी स्थानकांवरील खाद्यपदार्थांचे महत्त्व संपले नाही. कोणत्या स्थानकाचा कोणता पदार्थ प्रसिद्ध झाला यामागे बहुधा तांत्रिक कारण आढळते. जेथे एंजिन बदलते, पाणी भरले जाते किंवा नोकरवर्ग बदलतो, तेथे गाडी जास्त वेळ थांबते व विक्री होते. बोरघाट चढण्यासाठी गाडीला मागून ढकलणारी जादा एंजिने, ज्यांस बँकर म्हणतात, कर्जत येथे जोडली जातात. या काही मिनिटांनीच कर्जतचा बटाटावडा महाराष्ट्रभर पोहोचविला. माथ्यावरील लोणावळ्यास चिक्की मिळते. इगतपुरी, मनमाड, भुसावळ व दौंड ही अशीच जंक्शने किंवा एंजिन बदलण्याची स्थानके. नागपूरची संत्री व भुसावळची केळी यांना आसपासच्या बागाईतीचीही जोड मिळाली. विद्युतीकरण झाले, एंजिने दूरवर न बदलता धावू लागली आणि थांबे आखडले, तसतशी अनेक स्थानकांची ही ओळख पुसट होत गेली.

अलीकडील धोरणे : २७ सप्टेंबर १९९९ रोजी भारतीय रेल्वे खानपान व पर्यटन महामंडळाची स्थापना झाली. त्यानंतरचा इतिहास धोरणांच्या हेलकाव्यांचा आहे. २००५ च्या धोरणाने बहुतेक काम महामंडळाकडे सोपविले. २०१० च्या धोरणाने ते परत क्षेत्रीय रेल्वेंकडे आणले. २०१७ च्या धोरणाने ते पुन्हा महामंडळाला दिले व अन्न शिजविणे आणि वाटणे ही कामे वेगळी करून मध्यवर्ती स्वयंपाकगृहांवर भर दिला. त्याच वर्षी संसदेत मांडलेल्या अहवालात नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी काही गाड्यांत व स्थानकांवर मानवी सेवनास अयोग्य अन्न व अस्वच्छता आढळल्याचे नमूद केले. दर काही वर्षांनी यंत्रणा बदलल्याने कोणाही एका यंत्रणेवर जबाबदारी निश्चित करता आली नाही. शिवाय सर्वांत जास्त परवानाशुल्क देऊ करणाऱ्यास काम द्यावयाचे आणि खाद्याचे दर मात्र गोठवून ठेवावयाचे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. मधली तूट ताटातील अन्नाच्या परिमाणातून किंवा प्रवाशाच्या खिशातून भरून निघते.

पिण्याच्या पाण्यासाठी महामंडळाने २००३ मध्ये दिल्लीजवळील नांगलोई येथे ‘रेल नीर’ या बाटलीबंद पाण्याचा कारखाना काढला. महाराष्ट्रात अंबरनाथ येथे असा कारखाना आहे. फलाटावर दोन घागरी ठेवून एकेकाळी जे फुकट पण जात पाहून दिले जाई, ते आता कोणासही, परंतु विकत मिळते. चहासाठी मातीच्या कुल्हडांचा पुरस्कार लालूप्रसाद यादव यांनी रेल्वेमंत्री असताना २००४ मध्ये केला. २०१४ च्या सुमारास प्रवाशाने दूरध्वनीवरून किंवा संगणकावरून पुढील स्थानकावरील उपाहारगृहातून जेवण मागविण्याची सोय सुरू झाली. गार्डने तार करण्याच्या जुन्या पद्धतीचेच हे नवे रूप होय. कोविड महासाथीमुळे मार्च २०२० मध्ये उतारू गाड्या थांबल्या. त्या पुन्हा सुरू झाल्यावरही शिजविलेले अन्न दीर्घकाळ बंद होते. ते सर्व गाड्यांत १४ फेब्रुवारी २०२२ पासून पूर्ववत झाले. या काळात घरून डबा नेण्याची सवय अनेक कुटुंबांत परत आली.

१० फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबई-सोलापूर वंदे भारत एक्सप्रेस सुरू झाली. प्रत्येक गाडीच्या अनेक डब्यांखाली स्वतंत्र मोटरी असल्याने ही गाडी बँकर न जोडता बोरघाट चढते. त्यामुळे ती कर्जतला थांबत नाही. बाहेर शिजवून आणलेले जेवण तीत आसनावरच तबकात मिळते. त्याच मार्गावरील इतर बहुतेक गाड्या कर्जतला थांबतात, मागे एंजिने जोडली जाईपर्यंत फलाटावरील विक्रेते खिडक्यांपाशी येतात आणि वड्यांच्या पुड्या सुट्या पैशांच्या हिशेबासह आत जातात.